जोडणे आणि जुळवणे



आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली, पण शब्द चिमटीत धरून उलटसुलट बघायची खोड काही गेली नाही. सध्या दोन शब्द डोक्यात घोळत आहेत. जोडणे आणि जुळवणे. वरवर पाहिले तर सारखेच वाटतात. पण रेल्वेचे डबे आपण जोडतो आणि तंबोरा जुळवतो. फाटलेला कागद जोडतो आणि लग्नाआधी पत्रिका जुळवतो. जोडले की दोन वस्तू एकमेकींना चिकटतात, तेवढेच. जुळवले की त्या एकमेकींना मानवतात.

हा फरक मला कोणत्या ग्रंथात नाही, तर एका जुन्या नांगरापाशी नीट कळला. आणि त्यातून जे मत झाले ते आज मांडतो. आपल्याकडे शेतीची अवजारे जोडणारे पुष्कळ आहेत, जुळवणारे थोडे आहेत, आणि जे थोडे आहेत त्यांच्या कामाला आपण 'जुगाड' म्हणून मोकळे होतो. हे बरोबर नाही.

आधी प्रश्न काय ते सांगतो, कारण शहरात वाढलेल्या वाचकांना वाटेल की नांगर आणि ट्रॅक्टर यांत न जुळण्यासारखे काय आहे?

महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर भरली. म्हणजे आजोबांच्या दहा-साडेदहा एकरांचे नातवाच्या वाट्याला सव्वातीन एकर आले. शेत लहान झाले, तसा ट्रॅक्टरही लहान झाला. ज्या घरात पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर होता, त्याच घरातल्या एका मुलाने वेगळे निघाल्यावर वीस-पंचवीसचा छोटा ट्रॅक्टर घेतला. कपाशीच्या आणि मक्याच्या ओळींत फिरायला तो सोयीचा, डिझेल कमी पितो, हप्ता झेपतो. पण नांगर? नांगर मात्र जुनाच राहतो. वाटणीत तो कुणाच्या तरी वाट्याला येतो आणि गोठ्यामागे गंजत पडतो. नवा छोटा ट्रॅक्टर त्याला लावायला जावे, तर तो लागत नाही. इथेच घोडे पेंड खाते.

आमच्याच घरचे उदाहरण घेतो. फुलंब्री तालुक्यात आमची शेती. थोरल्या भावाने १९८० च्या दशकात एचएमटीचा पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतला होता, आणि त्याबरोबर दोन फाळांचा लोखंडी नांगर. (एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद करायचा निर्णय झाला, हे पुष्कळांना आठवत असेल.) भाऊ गेला, मुलांच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर विकून पैसे वाटले गेले आणि नांगर धाकट्या पुतण्याकडे आला. त्याने पंचवीस हॉर्सपॉवरचा नवा ट्रॅक्टर घेतला. २०२४ च्या उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटून झाली, रान मोकळे झाले, आणि नांगर लावायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की जुन्या नांगराची पिन नव्या ट्रॅक्टरच्या भोकात जातच नाही.

भंगारवाला दारात आलाच होता. अडीचशे किलोच्या आसपास वजन, किलोवर भाव. नवा नांगर घ्यायचा तर त्या भावाच्या कितीतरी पट पैसे. आणि नांगरटीला उशीर झाला की उन्हाळ्यातली जमीन तापत नाही, कोष वर येत नाहीत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या कपाशीचे काय केले ते या भागातला कोणी विसरलेला नाही. तेव्हापासून खोल नांगरट करून रान उन्हात तापू द्या, हा सल्ला दर वर्षी मिळतो. सल्ला खरा आहे. पण त्यासाठी नांगर ट्रॅक्टरला लागावा लागतो ना!

आता हे न जुळणे म्हणजे नेमके काय? ट्रॅक्टरच्या मागे तीन जागी अवजार धरले जाते. खाली दोन दांडे, वर मध्ये एक टॉप लिंक. या तीन बिंदूंच्या जोडणीचे आकार ठरलेले आहेत. त्यांना कॅटेगरी म्हणतात. लहान ट्रॅक्टरांना साधारणपणे कॅटेगरी एक, मोठ्यांना कॅटेगरी दोन. एकमध्ये खालच्या पिनची जाडी २२ मिलिमीटर, दोनमध्ये २८. वरची पिन एकमध्ये १९ मिलिमीटर, दोनमध्ये साधारण साडेपंचवीस. खालच्या दोन पिनांमधले अंतर एकमध्ये ६८३ मिलिमीटर, दोनमध्ये ८२५. खालच्या पिनांपासून वरच्या पिनपर्यंतची उंची एकमध्ये ४६०, दोनमध्ये ६१०. हे आकडे मी मुद्दाम लिहितो आहे. शेतकऱ्याने ते वहीत उतरवून ठेवावेत एवढे ते उपयोगाचे आहेत. आमचा नांगर दोनचा, ट्रॅक्टर एकचा.

हे तीन बिंदू आले कुठून, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाच्या कारागिराला सरकारने ट्रॅक्टरच्या नांगरटीत सुधारणा करायच्या कामावर नेमले. त्या काळी ट्रॅक्टरने नांगर बैलासारखाच मागून ओढायचा. फाळ दगडाला किंवा मुळीला अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटायचा आणि चालकाच्या अंगावर यायचा. फर्ग्युसनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट करून असा सांगाडा बसवला की नांगर आणि ट्रॅक्टर हे एकच यंत्र व्हावे. नांगराला जमिनीने मागे रेटले की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढची चाके जमिनीवर दाबून राहतात. १९२६ साली त्याला पेटंट मिळाले. १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही पद्धत आली आणि जगभर पसरली. १९५३ साली फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आपल्याकडच्या शेतांतही पोचले.

तरीही बराच काळ अमेरिकेत प्रत्येक कंपनीचा घाट वेगळा होता. १९५० च्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टरची दोन बिंदूंची जोडणी होती, ॲलिस-चाल्मर्सची आणखी वेगळी. एका कंपनीचा ट्रॅक्टर घेतला की नांगरही तिचाच घ्यायचा. शेवटी सगळे तीन बिंदूंवर आले, कॅटेगरी ठरल्या, आणि मग कोणाचाही नांगर कोणाच्याही ट्रॅक्टरला लागू लागला. भारतातही त्यासाठी मानक आहे, आयएस ४४६८. म्हणजे मापे ठरलेली आहेत, छापलेली आहेत. पण गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ती मी कुठे भिंतीवर लावलेली पाहिली नाहीत.

आता जरा मागे जाऊ. ट्रॅक्टर नव्हते तेव्हा हे जुळवण्याचे काम कोण करायचे? गावचा सुतार. बाभळीच्या लाकडाचा नांगर, त्याची हाळीस, रुमणे, येठण, हे सगळे तो करायचा, आणि ज्याचा नांगर त्याची बैलजोडी त्याने पाहिलेली असायची. बैल उंच असला तर जू वर राहणार, म्हणजे हाळशीचा कोन बदलणार, म्हणजे फाळ जमिनीत वेगळा शिरणार. हे त्याला हिशेब न मांडता कळायचे. शिवाय शेतात गेल्यावर जू हाळशीवर पुढे-मागे सरकवून येठणाने आवळले की खोली कमीजास्त करता यायची. आज ट्रॅक्टरवर बसलेला माणूस टॉप लिंक फिरवून आखूड-लांब करतो, तो हेच करत असतो. टॉप लिंक आखूड केली की फाळाचे टोक खाली झुकते आणि नांगर खोल शिरतो. येठण गेले आणि टॉप लिंक आली, काम तेच.

मग लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात तो तयार केला, आणि लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीपायी सुरुवातीला तो खपेना, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे महाराष्ट्रभर लोखंडी नांगर फिरला. चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक गोष्ट हळूच बदलली. नांगर गावात घडणे थांबले आणि कारखान्यातून येऊ लागला. त्यामुळे तो अमक्याच्या बैलांना किंवा तमक्याच्या ट्रॅक्टरला जुळवायचा, हे काम गावात कुणाचेच उरले नाही. कारखाना म्हणणार, आम्ही मापाप्रमाणे बनवला. शेतकरी म्हणणार, मला काय माहीत माप. मधली जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेत आज वेल्डिंगचे दुकान उभे आहे.

आमचा नांगर घेऊन पुतण्या आधी जवळच्याच एका दुकानात गेला. तिथल्या माणसाने पाहिले आणि म्हणाला, "अर्ध्या तासात करून देतो. पिन ग्राइंडरने घासून बारीक करू, नाहीतर ट्रॅक्टरच्या दांड्यातलं भोक मोठं करू." दोन्ही उपाय जोडण्याचे आहेत. हातात ग्राइंडर धरून घासलेली पिन कधी गोल राहत नाही. ती एका बाजूने टेकते, रोज थोडी झिजते, आणि जिथे खाच पडली तिथे एक दिवस कडकन तुटते. पिन तुटली की एका दांड्यावर लटकलेला नांगर कुठे फिरेल ते सांगता येत नाही. दांड्यातला बॉल कडक पोलादाचा असतो, त्याचे भोक वाढवले तर कड पातळ होऊन तो तडकतो. आणि ट्रॅक्टर नवा, वॉरंटीतला!

पुतण्याला ते पटले नाही. त्याने मला फोन केला, "काका, शहरात कोणी जाणकार आहे का?" माझे निम्मे आयुष्य या शहरात गेले. म्हटले, ये घेऊन.

चिकलठाण्याच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. एका कारखान्यात बरीच वर्षे टर्नर होते, आता स्वतःचे लेथ मशीन घालून बसले आहेत. त्यांनी नांगराकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी म्हणाले, "ट्रॅक्टर कुठाय?" ट्रॅक्टर गावाकडे होता. "मग नांगर ठेवून जा, आणि उद्या ट्रॅक्टर आणा. नुसता नांगर बघून मी काय करू?" पुतण्या वैतागला. पंचवीस-तीस किलोमीटर ट्रॅक्टर आणायचा म्हणजे डिझेल आले, दिवस मोडला. पण आणला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो. मिस्त्रींनी स्टीलची टेप काढली, व्हर्नियर काढला आणि खडू घेतला. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा केला. खालच्या दांड्यांची भोके मोजली, अंतर मोजले. नंतर मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या कडेपासून मधल्या बाजूला बारा इंच मोजून फरशीवर खडूने रेघ मारली. मी विचारले, ही कशाची रेघ? म्हणाले, "सर, नांगरताना उजवं चाक आधीच्या तासात चालतं. चाकाची आतली कड म्हणजे तासाची भिंत. फाळ बारा इंची आहे. मग त्याची डावी बाजू भिंतीपासून बारा इंचांवरच चालायला पाहिजे का नको?" मग नांगर मागे धरून पाहिला. जुन्या मोठ्या ट्रॅक्टरची चाके लांब लांब होती, या छोट्याची जवळ आहेत. नांगर ट्रॅक्टरच्या बरोबर मध्ये धरला तर फाळाची डावी बाजू रेघेच्या चार इंच उजवीकडे येत होती. म्हणजे बारा इंची फाळ आठच इंच माती कापणार, आणि चार इंच आधीच फोडलेल्या तासात फुकट फिरणार.

वाचकहो, इथे मला जोडणे आणि जुळवणे यांतला फरक डोळ्यांनी दिसला. खालच्या दोन पिनांमधले अंतर ८२५ वरून ६८३ वर आणायचे, म्हणजे १४२ मिलिमीटर कमी करायचे. कोणीही म्हणेल, दोन्ही बाजूंनी एकाहत्तर-एकाहत्तर आत घ्या. हिशेब बरोबर, पण नांगर चुकला असता. मिस्त्रींनी डावी पिन तब्बल १७१ मिलिमीटर आत घेतली आणि उजवी उलट २९ मिलिमीटर बाहेर काढली. अंतर ६८३ च झाले, पण अख्खा नांगर चार इंच डावीकडे सरकला आणि फाळ खडूच्या रेघेवर आला. वरच्या पिनचा उभा सांगाडाही तेवढाच उजवीकडे नेला, म्हणजे तो दोन्ही पिनांच्या मधोमध राहिला.

बाकीचेही सांगतो. जुन्या पिना घासल्या नाहीत. नवा आडवा शाफ्ट लेथवर काढला, दोन्ही टोके २२ मिलिमीटरची, आणि जिथे जाडी बदलते तिथे काटकोनात खाच न ठेवता गोलाई दिली, कारण खाच असली की तडा तिथूनच सुरू होतो. वरचे छिद्र ६१० वरून ४६० वर खाली आणले. ते नुसते खाली पाडले नाही, आतून जाड पट्टी लावून मग पाडले. वरचे छिद्र उंचच ठेवले असते तर टॉप लिंकचे आटे संपेपर्यंत फिरवूनही नांगर सपाट बसला नसता, आणि हायड्रोलिकने उचलताना भलत्याच कोनात उठला असता.

आणि शेवटचे, सगळ्यात महत्त्वाचे. दोन फाळांतला मागचा फाळ काढून टाकला. पुतण्याचा चेहरा पडला. वडिलांचा दोन फाळांचा नांगर, आता एकच? मिस्त्री म्हणाले, "काळी जमीन आहे, पंचवीसचा ट्रॅक्टर आहे. दोन फाळ ओढायला गेलात तर चाकं जागेवर फिरतील, टायर खातील, डिझेल जाळतील. एक फाळ नीट ओढेल." मागच्या फाळाला तासाच्या भिंतीला टेकणारी लांब पट्टी होती. फाळ काढल्यावर ती पुढच्याला लावली, नाहीतर नांगर एका अंगाला पळाला असता. काढलेला फाळ नीट तेल लावून परत दिला, सुटा भाग म्हणून.

सगळे मिळून दोन दिवस लागले, आणि नव्या नांगराच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ. पहिले तास घातले तेव्हा पुतण्याने टेप लावली. बारा इंचाला अर्धा इंच कमी. टॉप लिंक दोन फेरे फिरवली आणि काम सुरू झाले.

आता माझा मुद्दा. ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतले बहुतेक म्हणाले, "वा, मस्त जुगाड!" मला हा शब्द खटकतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. पहिल्या दुकानदाराचा उपाय जुगाड होता. मिस्त्रींनी जे केले त्याला माप होते, कारण होते, आणि काय केले तर कुठे तुटेल याची आगाऊ जाणीव होती. यालाच तर अभियांत्रिकी म्हणतात. दोन्हींना एकच शब्द लावून आपण घासलेल्या पिनेचे कौतुक करतो आणि लेथवर काढलेल्या शाफ्टची किंमत पाडतो. मग शेतकरीही म्हणतो, अर्ध्या तासाचे काम, एवढे पैसे कशाचे? आणि चांगला मिस्त्रीही हळूहळू ग्राइंडर हातात घेतो. गिऱ्हाईकाला मापाचे मोल नसेल तर त्याने तरी किती दिवस माप घेत बसावे?

हे केवळ पैशांचे नाही, जिवाचेही आहे. जुना नांगर लागत नाही म्हणून साखळीने ट्रॅक्टरच्या वरच्या कंसाला किंवा धुऱ्याच्या वर बांधून ओढणारे लोक असतात. ओढ धुऱ्याच्या वर गेली आणि फाळ अडकला की ट्रॅक्टर पुढून उठतो. ज्या अपघातापासून माणसाला वाचवायला फर्ग्युसनने आयुष्य घालवले, तोच अपघात आपण साखळीने परत बोलावतो. कृपा करून असे करू नका.

काही जण म्हणतील, गुरुजी, कशाला जुन्याचा एवढा सोस? २०१४-१५ पासून केंद्राची कृषी यांत्रिकीकरणाची योजना आहे, महाडीबीटीवर अर्ज करा, अनुदान घ्या, नवा नांगर आणा. योजनेला माझा विरोध नाही. ज्याला मिळेल त्याने जरूर घ्यावा. पण अर्ज, निवड, मंजुरी यांत हंगाम थांबत नाही. शिवाय नवा नांगर घेतानाही कॅटेगरी, पिन, चाकांचे अंतर हे प्रश्न सुटत नाहीत. नवा नांगरही न जुळणारा असू शकतो. उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक जुना नांगर वाचवण्यासारखा नसतो. मुख्य दांडा वाकलेला असेल, जुन्या वेल्डिंगला तडे असतील, फाळ बसायची जागाच झिजून गेली असेल, तर तो भंगारातच द्यावा. मिस्त्रींनीही आधी हातोडीने ठोकून, गंज खरवडून प्रत्येक सांधा तपासला होता. भावनेपोटी तुटके लोखंड ट्रॅक्टरमागे बांधू नये.

मग करायचे काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, प्रत्येक अवजारावर आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर मराठीत एक ठसठशीत पट्टी असावी. कॅटेगरी, पिनची जाडी, पिनांमधले अंतर, वजन, आणि किती हॉर्सपॉवरला चालेल. तेवढाच मजकूर पुरे. ज्या अवजाराला सरकारी अनुदान आहे त्याला तरी ही अट घालायला काय हरकत आहे? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे हे एक क्षेत्र धरले होते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. तिकडचा झगडा संगणकाच्या कुलपांचा आहे. आपला त्याहून साधा आहे. आपल्याला माप हवे आहे, आणि ते वाचता येईल अशा भाषेत हवे आहे.

दुसरी, आपल्या शहराने आपल्या तालुक्यांकडे बघावे. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा आहे, वाळूज आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. मिलिमीटरचा शंभरावा भाग ज्यांच्या बोटांना कळतो अशी हजारो माणसे या शहरात आहेत, त्यांतली कित्येक निवृत्त होऊन घरी बसली आहेत. आणि तिथून तासाभराच्या अंतरावर पिना ग्राइंडरने घासल्या जात आहेत. नांगरटीच्या आधी, मार्चमध्ये, तालुक्याच्या ठिकाणी आयटीआयच्या आवारात चार दिवस नुसते मोजमापाचे शिबिर भरवले आणि अशा दोन-चार निवृत्त टर्नरना बोलावले, तर गावच्या वेल्डरला जे मिळेल ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

तिसरी माझ्या व्यवसायाशी जवळची. शाळेत आपण मुलांना अंतर, कोन, व्यास शिकवतो, पण ते कागदावर. खेड्यातल्या शाळेच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या मागच्या दांड्यांतले अंतर मोजून आणा, असा गृहपाठ एकदा तरी द्यावा. मुलगा घरी जाऊन बापाला विचारील, आणि बापही पहिल्यांदाच टेप लावील.

तोवर एवढे तरी करावे. नवा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी घरच्या प्रत्येक अवजाराच्या पिनांची जाडी, त्यांतले अंतर आणि वरच्या छिद्राची उंची कागदावर लिहून खिशात ठेवावी आणि विक्रेत्यासमोर ताडून पाहावी. जुना नांगर बदलायला नेताना ट्रॅक्टरही न्यावा, किंवा मिस्त्रीला घरी आणावे. आणि जो मिस्त्री टेप काढण्याआधी ग्राइंडर उचलतो, त्याच्या दुकानातून नांगर तसाच परत आणावा.

पुतण्याचे सव्वातीन एकर एका फाळाने नांगरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला, हे खरेच. पण तास सरळ पडले, ढेकळे नीट उलटली. काढून ठेवलेला फाळ त्याने घरात आढ्याला टांगला आहे. पुढेमागे पुढचा झिजला की उपयोगी पडेल.